कवड्याचा चौकोन

"मॅडम, आम्ही मारला न्हाई!"

मोनाली झोरे फोनवर इतक्या जोरात ओरडली, की समोर चहात बिस्कीट बुडवत बसलेल्या माझ्या भावानं, निनादनंही मान वर केली. मी कॉलेजला निघायच्या गडबडीत होते, एका हातात इस्त्री होती.

"काय मारला नाही?"

"साप! आईच्या अंथरुणात निघाला सकाळी. आमचं अण्णा काठी घिऊन धावलं, पन मी म्हटलं थांबा. आधी ओळखायचा, मग ठरवायचं, मॅडमनी वर्गात सांगितलंय. तुमची साईट काढली मोबाईलवर. कवड्या हुता मॅडम, बिनविषारी! मग अण्णांनी काठीवर घेतला आन् कुंपणाच्या पल्याड सोडला."

"शाब्बास," मी म्हणाले. निनादनं बिस्कीट धरलेल्या हातानंच मला सलाम ठोकला. साईट त्यानं केलेली होती.

मोनाली माझ्या प्राणिशास्त्राच्या वर्गातली मुलगी. डोंगरावरच्या धनगरवस्तीतून रोज तासभर चालत खाली यायची आणि पहिल्या बाकावर बसून मान हलवायची. त्या वस्तीवर साप दिसला की मेला, असा आजवरचा रिवाज. तो मोडल्याचं तिला फोन करून सांगावंसं वाटलं, याचं मला कोण कौतुक वाटलं. आणि मग तिचं पहिलं वाक्य पुन्हा माझ्या डोक्यात आलं.

"अंथरुणात म्हणजे? आईला चावला वगैरे नाही ना गं?"

"न्हाई न्हाई. कानामागं जरा खाजल्यागत झालंय म्हनती. चावल्याचं काय दिसत न्हाई. पहाटंपास्नं पोटात दुखतंय तिच्या, पन ते रातच्या वांग्यानं आसंल."

मी इस्त्री उभी केली.

कवड्या नावाचा साप खरोखर निरुपद्रवी. पाली खातो, घराच्या आढ्यात राहतो, चिडला तर चावतो आणि टिंचर लावलं की विषय संपतो. पण त्याच्यासारखीच पट्ट्यापट्ट्यांची मण्यार असते, आणि मण्यारीचं विष नागापेक्षा जहाल. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा दिसतही नाही. माणसाला आधी पोटात दुखतं आणि तो रात्रीच्या जेवणाला नावं ठेवतो.

"फोटो काढलास?"

"काढलाय की. पाठवू?"

"पाठव. आणि मोनाली, आईला चालवू नको, उठवू नको, पाणीसुद्धा पाजू नको. तिला ताबडतोब दवाखान्यात आणायचंय."

"पन मॅडम, कवड्या…"

"कवड्या असला तरी."

मागून तिच्या वडिलांचा, अण्णांचा आवाज आला. "काय म्हनत्यात?"

"दवाखान्यात न्या म्हनत्यात."

"आगं, त्यांच्याच साईटवर बिनविषारी म्हटलंय न्हवं? आता कशाला दवाखाना?"

मी त्यांच्याशी बोलायच्या आत फोन कट झाला. फोटो काही येईना. मोबाईलवर नुसतं चक्र फिरत राहिलं. त्या वस्तीवर रेंज म्हणजे एका ठरावीक दगडावर उभं राहिलं तर मिळायची. सरकारी रुग्णवाहिका पेशंट घेऊन कराडला गेलेली, आणि वस्तीवरची दुधाची गाडी एव्हाना खाली उतरून गेलेली. मी आमच्या सर्पमित्र मंडळाच्या रंगरावदादांना जीप काढायला सांगितलं. निनाद चप्पल घालून आधीच दारात उभा होता.

"तू कशाला?"

"येतो. साईटवर बघून सोडलाय त्यांनी. कवड्याच असणार गं, ताई. तू उगाच धसका घेतेस."

आमचं मंडळ म्हणजे तालुक्यातले सात-आठ सर्पमित्र. म्होरके रंगरावदादा, त्यांचं ट्रॅक्टरचं गॅरेज. पकडलेले साप गॅरेजमागच्या पिंपात ठेवायचे आणि संध्याकाळी जंगलात सोडायचे. आमची एक जुनी साईट होती, दादांच्या भाच्यानं केलेली. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात फणा हलवणारा नाग, बटणं जिलेबीसारखी फुगलेली आणि चकाकणारी. सगळ्यात वर एक लाल ओळ उजवीकडून डावीकडे सरकत राहायची: 'साप चावला? आधी दवाखाना!' फोटो इतके जड की ते उघडेपर्यंत साप आपल्या बिळात जाऊन झोपावा.

पुण्यातली नोकरी सोडून निनाद घरी राहून कामं करायला लागला, तेव्हा त्यानं ही साईट पाहिली आणि पोट धरून हसला. "ताई, ही साईट आहे का रसवंतीगृहाची पाटी?"

त्यानं फुकटात नवी करून दिली. तेव्हा सगळीकडे तीच टूम होती. सपाट रंगाचे चौकोन, घरातल्या फरशीसारखे एकाला एक लावलेले. सावली नाही, चकाकी नाही, रेघ नाही. एका चौकोनात एक साप, तोही फोटो नव्हे, दोन-तीन रंगांत काढलेलं स्वच्छ चित्र, आणि खाली नाव.

मंडळाच्या बैठकीत दादांच्या गॅरेजच्या भिंतीवर त्यानं ती दाखवली, तेव्हा मीच कुरकुरले होते. "फोटो का काढून टाकलेस?"

"फोटोतला नाग बघून लोक काठी शोधतात. घाबरलेला माणूस वाचत नाही, ताई, मारतो. हे चित्र बघ. याची भीती वाटते का? आणि डोंगरावरच्या रेंजमध्येसुद्धा चुटकीसरशी उघडतं."

"आन् आपली लाल वळ?" रंगरावदादांनी विचारलं.

"आहे ना. प्रत्येक सापाच्या आत आहे." त्यानं मण्यारीच्या चौकोनावर दाबलं. चौकोन अलगद पसरला. डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खी मण्यार, कवड्याशी तुलना, खाली लाल ओळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण चित्रं मी स्वतः तपासली होती आणि त्यात एका पट्ट्याचीसुद्धा चूक नव्हती.

आणि ती साईट चालली, हे सांगितलंच पाहिजे. त्या पावसाळ्यात आम्हाला कधी नव्हे ते बायकांचे फोन यायला लागले. "धामण हाय, उंदरं खाती, राहू द्या का?" असं विचारायच्या. मेलेले साप दाखवायला आणणारी पोरं कमी झाली. निनाद एरवी कामाचं कौतुक झालं की खांदे उडवायचा, पण हे फोन आले की मला दोनदोनदा सांगायला लावायचा.

जीप घाट चढत होती. भातलावणीचे दिवस, खाचरांत बायका वाकलेल्या, वर डोंगर धुक्यात. मी सारखी मोबाईल बघत होते आणि चक्र फिरतच होतं.

वस्तीवर पोचलो तर मोनालीची आई, शालन, ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली. आम्हाला बघून पदर सावरत उठायला लागली.

"या मॅडम. च्या टाकते."

"बसा, बसा तुम्ही."

"काय न्हाई वो मला. उगा पोरीनं तुम्हास्नी तरास दिला." बोलताना तिच्या पापण्या अर्ध्यावर आलेल्या. वर बघायचं तर तिला अख्खी मान मागं टाकावी लागत होती. "रातभर डोळ्याला डोळा न्हाई. म्हनून डोळं झाकत्यात."

पापण्या अशा उतरतात त्या जागरणानं नव्हे.

मोनालीनं हसत हसत मोबाईल पुढं केला. फोटो चांगला स्पष्ट होता. गोधडीच्या कडेला वळलेला साप, अंगाचा रंग मळकट तपकिरी. पण मानेमागचा भाग कोरा होता. पट्टे मानेच्या बरंच खाली सुरू झालेले, जोडीजोडीनं, आणि शेपटीकडे ठसठशीत होत गेलेले. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात.

"दादा, गाडी वळवा," मी म्हणाले.

निनाद माझ्या खांद्यावरून फोटो बघत होता. "तपकिरी आहे की ताई. मण्यार काळी असते."

"कात टाकायला आलीये. तेव्हा अशीच मळकी दिसते."

मोनालीचे वडील कोंडिबा काठीला टेकून आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून शालनला उचललं आणि जीपमध्ये आडवी केली. डोकं मोनालीच्या मांडीवर.

त्या रस्त्याला शिव्या घालाव्यात तितक्या थोड्या. रंगरावदादांनी उभ्या आयुष्यात जीप तशी हाकली नसेल. तरी प्रत्येक वळणाला वाटायचं की आम्ही जागच्या जागीच आहोत.

"मोने, शेरडं सोडली का गं?" शालननं विचारलं. तिची जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत अडकत होते.

"शेजारच्या काकू सोडत्याल. तू गप पड."

"मॅडम," तिनं मान माझ्याकडं वळवायचा प्रयत्न केला. "पोर शिकली म्हनून कळलं बगा. न्हाईतर मुक्या जिवाला मारलं असतं आमी. उगाच पाप."

मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार होते? निनाद बाहेर बघत बसला होता.

"काय हुत न्हाई आई," मोनाली तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. "कवड्या हाय तो. बिनविषारी असतोय. मॅडम, हो ना?"

मी "आता पोचलोच आपण" एवढं म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टर चांगले होते. त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि सलाइनमधून विषावरची लस सुरू केली. पण मण्यारीचं विष एकदा नसांवर बसलं की लस त्याला ओढून बाहेर काढू शकत नाही, नव्यानं बसू देत नाही इतकंच. श्वासाचे स्नायू थांबायला लागलेले. नर्सनं रबरी फुगा हातानं दाबत श्वास द्यायला सुरुवात केली. कराडहून श्वासाच्या मशीनची गाडी निघाली होती. रंगरावदादा फाटकाशी तिची वाट बघत उभे राहिले, कोंडिबा आत बायकोच्या पायाशी, आणि आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर.

तो कवड्या नव्हता, मण्यार होती, हे मोनालीला कुणीतरी सांगायला हवं होतं. शेवटी निनादच बोलला, अगदी हळू.

"मोनाली, तू साईटवर कसं बघितलंस? मला दाखवशील?"

ती ताडकन ताठ बसली. परीक्षेत काहीतरी चुकल्याचा संशय यावा तशी. तिच्या मोबाईलचा पडदा लहान, कोपऱ्यात तडा गेलेला. रेंज होती-नव्हती, तरी साईट खरंच चुटकीसरशी उघडली. चौकोन आले. तेवढ्याशा पडद्यावर ते आणखी लहान झाले होते, आणि चित्रांच्या कडा कापल्या गेल्या होत्या. मण्यारीच्या चौकोनात मण्यारीचं फक्त मधलं अंग होतं. कवड्याच्या चौकोनात कवड्याचं फक्त मधलं अंग होतं. मान नाही, शेपटी नाही. दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे, एक काळी, एक तपकिरी.

"ही बघा मी दोन्ही नीट बघितली," ती म्हणाली. "साप तपकिरी हुता. काळा अजिबात न्हवता. म्हनून मी म्हटलं हाच." तिनं कवड्याच्या चौकोनाजवळ बोट नेलं, पण चित्रावर टेकवलं नाही. देवाच्या तसबिरीकडं दाखवावं तसं लांबूनच दाखवलं.

"मग?"

"मग काय? एवढंच हाय की."

निनादनं बोट पुढं केलं आणि त्या चौकोनावर ठेवलं. चौकोन अलगद पसरला. अख्खा कवड्या आला, मानेपासून शेपटीपर्यंत. शेजारी अख्खी मण्यार. पट्टे कुठून सुरू होतात ते बाण काढून दाखवलेलं. कात टाकायच्या वेळी मण्यार तपकिरी दिसते, हे लिहिलेलं. ते मीच त्याला लिहायला सांगितलं होतं. आणि सगळ्यात खाली लाल ओळ: 'अंथरुणात साप सापडला तर तो कुठलाही असो, आधी दवाखाना.'

मोनाली बघत राहिली.

"हे दाबायचं असतं?" तिनं विचारलं.

तिनं निनादकडं पाहिलं.

"न्हाई, मला वाटलं चित्रंच हायती ती. भिंतीवर लावल्यागत. दाबायचं कुठं लिहिलेलं न्हाई ना सर, का लिहिलंय?" ती खरंच शोधायला लागली. पडदा वर सरकवला, खाली सरकवला, डोळ्यांजवळ नेला. "माझंच ध्यान न्हवतं का?"

"नाही," निनाद म्हणाला. "लिहिलेलं नाही."

मग तिनं मागं जाऊन नागाचा चौकोन दाबला. तो उघडला. वाचला. मागं गेली. घोणस दाबली. ती उघडली. धामण, दिवड, गवत्या. ती एकेक चौकोन दाबत होती, आतलं सगळं ओठ हलवत वाचत होती, प्रत्येकाच्या खाली ती लाल ओळ येत होती आणि मला तिला थांबवता येत नव्हतं. निनाद उठून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्या बाकावर बसून मला इतकंच कळत होतं की आता ओरडावं असं एकही माणूस माझ्यासमोर नाही. कोण नालायक होतं? पोरीनं सांगितल्याप्रमाणे केलं होतं. भावानं मनापासून केलं होतं. बापानं साप न मारता सोडला होता. आणि आत एक बाई श्वास घ्यायचा विसरत चालली होती.

आतून कोंडिबांचा आवाज आला. तो रडण्याचा नव्हता, कुणाला तरी लांबून हाक मारावी तसा होता. कराडची गाडी त्यानंतर आली. रंगरावदादांनी ती फाटकातूनच परत पाठवली.

मोनालीच्या हातातला मोबाईल उघडाच होता.

या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं झाली. निनादनं त्याच संध्याकाळी साईट बंद केली. पुढं दादांच्या सांगण्यावरून जुनीसारखीच एक करून दिली, फोटोंची, सरकत्या लाल ओळीची. आता तो मुंबईत एका मोठ्या कंपनीत आहे. तिथले लोक त्याला हसतात म्हणे, कारण तो प्रत्येक बटणाला जाडजूड सावली देतो आणि वर 'इथे दाबा' असं लिहितो. ते दरवेळी ती काढायला लावतात, तो दरवेळी पुन्हा घालतो.

मोनाली कॉलेजला परत आली नाही. मी तिला बोलावून आणायचं ठरवलं आणि शालनचं दिवसपाणी उरकल्यावर वस्तीवर गेले. काय बोलायचं ते वाटेत दहादा घोकलं होतं. शेरडं रानात गेलेली, ओटा सारवलेला. जिथं रेंज यायची त्या दगडावर एक साप मरून पडला होता, डोकं ठेचलेलं, मुंग्या लागलेल्या. मी सवयीनं वाकून पाहिलं. पट्टे मानेपासूनच सुरू झाले होते आणि शेपटीकडे जाता जाता पुसट झाले होते.

मोनाली दारात आली. डोक्यावर आईसारखा पदर, हातात काठी.

"या मॅडम. च्या टाकते."

घोकलेलं सगळं मी विसरले. तोंडून भलतंच निघालं. "मोनाली, हा खरंच कवड्या होता गं."

तिनं दगडाकडं एकदा पाहिलं.

"असंल," ती म्हणाली, आणि काठी दाराशी टेकवून चहा टाकायला आत गेली.